एका बादलीमागे चाळीस

माझी आत्या बटणांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मोजणीला होती. शर्टाची बटणं, कोटाची बटणं, उशांच्या अभ्र्यांची बटणं. एका पाकिटात बरोबर एकशे चव्वेचाळीस. कारखान्यात काटा होता, पण मालकाचा भरवसा काट्यापेक्षा तिच्या मुठीवर जास्त. मूठ भरून उचलायची आणि आकडा सांगायची. चुकली तर एका-दोनाने. पुढेही ती सवय गेली नाही. जिना चढताना पायऱ्या मोजायची, दवाखान्यात बसली की समोरच्याच्या स्वेटरची बटणं मोजायची. "आत्या, आमचे दोष तेवढे मोजू नकोस," असं मी म्हटलं की म्हणायची, "ते मोजायला घेतले तर पगार वाढवून मागेन."

कारखाना बंद झाला तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं. आजी-आजोबा लवकर गेले आणि धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना, वाढवण्यात तिची लग्नाची वर्षं निघून गेली असं नातेवाईक म्हणत. ती स्वतः म्हणायची, "कुणी विचारलंच नाही. उगाच त्याच्यावर कशाला ढकलायचं?" बाबा तिला ताई म्हणत. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. सहा फुटी माणूस, आवाज असा की तळमजल्यावरून पाचव्या मजल्यावर बोलतील. पण आत्यासाठी ते कायम बाळ्या.

सहा महिने घरी बसल्यावर आत्याला मत्स्यखात्यात कंत्राटी काम मिळालं. काम पुन्हा मोजणीचंच, फक्त बटणांच्या जागी कोळंबी.

आमच्या शहराला लागून लांब, खोल खाडी आहे. तिच्या तळाशी, उजेड पोचत नाही अशा थंड पाण्यात, तांबूस रंगाची मोठी कोळंबी असते. ती सापळ्याने धरतात. तारेच्या जाळीचा पिंजरा, आत मांजराच्या खाण्याचा डबा भोकं पाडून ठेवलेला, वर शंभर मीटर दोर आणि दोराच्या टोकाला नाव-पत्ता लिहिलेला, पाण्यावर तरंगणारा बोया. सापळा सोडायचा, थर्मासमधला चहा पीत दोन तास थांबायचं आणि मग ओढून घ्यायचा. धरणारे दोन प्रकारचे. एक धंदेवाले: बावीस बोटी, त्यांचं पोटच त्यावर. दुसरे हौशी: बेकरीवाला, नर्स, शाळामास्तर, माझे बाबा. हौशी माणसाने चार सापळे टाकायचे, माणशी साठ कोळंब्या घरी न्यायच्या, विकायच्या नाहीत, आणि पोटाला अंडी चिकटलेली मादी पाण्यात परत सोडायची. खाडी सगळ्यांची. म्हणून खातं दरवर्षी आकडा ठरवायचं की यंदा एवढीच कोळंबी काढायची, आणि त्या आकड्याची धंदेवाल्यांत आणि हौशींत वाटणी व्हायची. त्या वाटणीवरून आमच्याकडे सख्खे शेजारी एकमेकांकडे बघेनासे झालेले मी पाहिलेत.

आई असताना आई-बाबा दोघं जायचे. आई गेली, मग बाबा एकटे जाऊ लागले. त्यांना कोळंबी खायला फारशी आवडतही नसे. आणलेली निम्मी जिन्यातच वाटून टाकायचे. पण वर्षभर जेवणाच्या टेबलावर सापळे दुरुस्त करत बसायचे. पुढे त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चमचा सांडायला लागला, मग किल्ली भोकात जाईना, मग पाना हातातून सुटला. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं आणि कंपनीने त्यांना पाच वर्षं आधीच घरी बसवलं. त्यानंतर बाबांनी हौशींच्या संघटनेचं सचिवपद घेतलं आणि सगळा जीव त्यात ओतला.

आत्या धक्क्यावर उभी राहायची. बोटी पाण्याबाहेर ओढायच्या सिमेंटच्या उतारापाशी तिचं घडीचं टेबल असे, त्यावर छापील तक्ते आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. आलेल्या हौशी बोटीतली बादली घ्यायची, कोळंब्या मोजायच्या, माणसं किती, सापळे किती, ते लिहायचं. पहिली दोन वर्षं तिने जे होतं ते लिहिलं.

तिसऱ्या वर्षी एक म्हातारं जोडपं आलं. दोघांच्या मिळून एकशे वीस हव्यात, बादलीत निघाल्या एकशे एक्कावन्न. तसं लिहिलं की दंड आणि परवाना रद्द. आजीबाई गयावया करायला लागल्या, "अहो, मोजल्या होत्या आम्ही. ह्यांना दिसत नाही आणि मी मोजता मोजता विसरते."

आत्याला हसू आलं. मागे रांग होती, पाऊस भुरभुरत होता, आजोबा हातात टोपी धरून उभे होते. आत्याने एकशे अठरा लिहिले.

"तीस-बत्तीस कोळंब्या गं," ती मला पुढे एकदा म्हणाली. "एवढ्या मोठ्या खाडीला त्याचं काय, असं वाटलं."

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. पुढच्या मोसमात धक्क्यावर तीन मोजणारे असले तरी लांब रांग आत्याच्याच टेबलापुढे लागायची. लोक तिला मोजणीबाई म्हणायला लागले. नर्स म्हणायची, "मोजणीबाई, रात्रपाळी करून आलेय, डोळे मिटतायत, चुकून जास्त आल्या असतील." बेकरीवाला काही म्हणायचाच नाही, नुसता बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवायचा. पुडा आत्या परत करायची. आकडा मात्र कमी लिहायची. आणि बाबा यायचे. कापऱ्या हातांनी त्यांना बोटीत उभं राहून निवडणं जमत नसे, म्हणून सापळा उलटा करून सगळंच बादलीत आणायचे. अंडीवाल्या माद्याही त्यातच. आत्या बादलीत हात घालायची, भावाच्या तोंडाकडे बघायची आणि साठ लिहायची. एकदा होत्या एकशे दहा. मी शेजारी उभी होते. मीही बघितलं आणि काही बोलले नाही.

दरम्यान खाडी आटत चालली होती. म्हणजे पाणी तेवढंच, कोळंबी कमी. हौशींचा मोसम बारा दिवसांचा होता, तो आठ दिवसांवर आला, मग चारवर. शेवटी वर्षातून एकच दिवस, सकाळी नऊ ते दुपारी एक. त्या चार तासांसाठी बाबा वर्ष काढायचे.

दर वर्षी शाळेच्या सभागृहात वाटणी समितीच्या तीन-चार बैठका व्हायच्या. एका बाजूला धंदेवाले, दुसऱ्या बाजूला हौशी, मध्ये खात्याचे साहेब आणि खात्यातली एक तरुण संशोधक मुलगी, आलेखांच्या पट्ट्या घेऊन. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसायची. प्रत्येकाला माईकवर तीन मिनिटं. बाबांचं भाषण ऐकायला लोक मुद्दाम यायचे. एक हात खिशात दाबून ते उभे राहायचे आणि म्हणायचे, "खात्याचाच कागद सांगतो, पाच कोळंब्यांतली एक आम्ही नेतो, चार हे नेतात. आम्ही हजारो, हे बावीस. आणि कात्री कुणावर? आमच्यावर! वर्षातले चार तास राहिलेत आमच्याकडे. तेही घ्यायचेत का?"

टाळ्या पडायच्या. आत्या खात्याच्या बाजूला भिंतीशी बसायची. तीही वाजवायची.

धंदेवाल्यांचा म्होरक्या पिवळ्या बोटीचा मालक होता. त्याच्या दोन बोटी होत्या, एक विकून झाली होती. एका बैठकीत तो माईकशी आला, टाळ्या थांबेपर्यंत थांबला आणि एवढंच म्हणाला, "माझा माल लिलावात काट्यावर चढतो. एक ग्रॅम लपत नाही. ह्यांचा माल कुठे चढतो ते मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी मनाला विचारावं." बोलताना तो आत्याकडे बघत होता. 

आठवड्याभराने ती काही तक्ते द्यायला खात्याच्या कचेरीत गेली. वरच्या मजल्यावरची अरुंद खोली, कपाटावर खोके, खिडकीत वाळलेलं रोप. संशोधक मुलगी एकटीच बसून बेरजा करत होती. आत्याने सहज विचारलं, "एवढ्या थोड्या बोटी मी मोजते, त्यावरून सगळ्या खाडीचं तुम्हाला कसं कळतं?"

मुलीला कुणी विचारलं याचाच आनंद झाला. "मावशी, सगळ्या बोटी कशा मोजणार? तुम्ही मोजता तो नमुना. मोसमात आम्ही खाडीवरून विमान फिरवून बोटी मोजतो. तुमच्या एका बोटीमागे साधारण चाळीस बोटी धरतो. तुमच्या बादलीत जेवढी असेल, तेवढीच त्या चाळिसांत."

"म्हणजे समजा, एका बादलीत मी तीस कमी लिहिल्या..."

"तर बाराशे कमी धरल्या जातील. मग आम्हाला वाटणार, खाडीत अजून आहे, काढू द्या." मुलगी हसली. "पण तुम्ही कशाला कमी लिहाल?"

 त्या दिवशी बसने परतताना आत्या आपल्या स्टॉपवर उतरलीच नाही, शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि तशीच परत आली. घरी येऊन जुन्या कॅलेंडरची पानं काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसली. कुणाला विचारायची गरज नव्हती. नऊ वर्षांतली प्रत्येक बादली तिच्या डोक्यात होती, खरा आकडा आणि लिहिलेला आकडा, दोन्ही. दोन दिवस ती लिहीत होती. बेरीज आली एकवीस हजार सहाशे चाळीस. तिला चाळिसांनी गुणलं. आठ लाख पासष्ट हजार सहाशे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्याकडे आली. बाबा टेबलापाशी सापळ्याच्या दाराला सुती दोरा बांधत होते. दोरा सुतीच लागतो. सापळा पाण्यात हरवला तर दोरा कुजतो, दार उघडतं आणि आत अडकलेली कोळंबी बाहेर पडते. नायलॉनचा बांधला तर हरवलेला सापळा वर्षानुवर्षं मारत राहतो. बाबा त्या बाबतीत काटेकोर होते. गाठ मात्र बसत नव्हती. मी बांधून देते म्हटलं तर वसकन अंगावर आले होते.

आत्याने कॅलेंडरची पानं त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. बाबांनी पानं वाचली नाहीत. बेरीज तेवढी वाचली.

"हे कुणी बघितलंय?"

"अजून कुणी नाही. परवा बैठक आहे. मी सांगणार आहे."

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"पाचातली एक नाही रे आपली. दोन आहेत. तू जे सांगत आलास ते खोटं आहे. माझ्यामुळे खोटं आहे."

"मग असू दे की! सगळे खोटं सांगतात. ते धंदेवाले काय धुतल्या तांदळासारखे आहेत?"

"त्यांचं काट्यावर होतं."

बाबांनी दोरा खाली टाकला. दोन्ही हात टेबलावर ठेवले. हात टेबलावर टकटक वाजायला लागले, ते त्यांना थांबवता येईना. मग ते ज्या आवाजात बोलले तो मी कधी ऐकला नव्हता.

"ताई, हे हात बघ. डॉक्टर म्हणतात दोन वर्षं, फार तर तीन. मग मला घासही उचलता येणार नाही. मला दोन मोसम हवेत. दोनदा चार तास. आठ तास झाले. एवढे दे मला. मग सांग सगळ्या जगाला, मी स्वतः तुला हाताला धरून नेतो. तुझ्या पाया पडतो, ताई."

ते खरंच वाकायला लागले. आत्याने त्यांचे खांदे धरले.  मी गॅसपाशी होते, दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

"बाळ्या," आत्या म्हणाली, "दोन मोसमांनी तिथे काही उरणारच नाही."

"तुला काय माहीत?"

"मला मोजता येतं."

बाबांनी तिला दार दाखवलं. शब्दशः. बोट करून. बोट कापत होतं, त्यामुळे ते कधी दाराकडे, कधी भिंतीकडे, कधी माझ्याकडे जात होतं.

बैठकीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, आत्याकडे पाठ करून. आत्याचं नाव वक्त्यांत नव्हतं. तिने हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही खात्याच्या, तुम्हाला बोलता येणार नाही." ती म्हणाली, "आत्तापासून मी खात्याची नाही," आणि माईकशी गेली. तीन मिनिटांपैकी एक मिनिटही तिने घेतलं नाही. नऊ वर्षं आकडे कमी लिहिले, एवढे कमी लिहिले, कुणी पैसे दिले नाहीत, माझ्याच मनाने लिहिले, एवढंच ती बोलली.

क्षणभर कुणाला उमगलंच नाही. मग धंदेवाल्यांच्या बाजूने आरडाओरडा सुरू झाला. हौशींच्या बाजूने त्याहून मोठा झाला. "विकली गेली," असं कुणीतरी ओरडलं. बेकरीवाला होता तो. अध्यक्ष हातोडी आपटत म्हणाले, "बाई, हे लेखी द्यावं लागेल."

"लेखीच आणलंय," आत्या म्हणाली आणि कॅलेंडरची पानं टेबलावर ठेवली.

बाबा उठले आणि मधल्या वाटेने सरळ बाहेर गेले. चालताना त्यांनी हात खिशात घातला नव्हता.

पुढचं सगळं भराभर झालं. आत्याचं काम गेलं. तिच्यावर खटला भरायचा की नाही याची चौकशी आठ महिने चालली आणि शेवटी बारगळली, कारण खटल्यात खात्याचीही अब्रू गेली असती. हौशींचा मोसम पाच वर्षांसाठी बंद झाला. धंदेवाल्यांनी आधी पेढे वाटल्यासारखे चेहरे केले. पण संशोधक मुलीने खरे आकडे घालून सगळं हिशेबात पुन्हा मांडलं, खाडीत चाचणीचे सापळे टाकले. पूर्वी सापळ्यामागे चाळीस कोळंब्या निघत, आता निघाल्या चार. वर्षाच्या आत धंदेवाल्यांनाही बंदी झाली. पिवळ्या बोटीचा मालक आत्याच्या घरी आला. भांडायला आलाय असं वाटून मी मध्ये उभी राहिले. तो दारातच म्हणाला, "बाई, तुम्ही बोललात ते बरंच केलंत म्हणतात लोक. पण सात वर्षं आधी बोलला असता तर माझी दुसरी बोट राहिली असती." आत्याने त्याला आत बोलावलं. तो आला नाही.

तिच्या दारात कुणी कुणी माशांची आतडी टाकायचे. ती झाडून काढायची. नर्स रस्ता बदलायची. एकदा ते म्हातारं जोडपं भेटायला आलं, म्हणजे आजीबाई एकट्याच. आजोबा आदल्या थंडीत गेले होते. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि विचारलं, "त्यात आमच्याही होत्या का हो?"

आत्याला खोटं बोलता आलं असतं. मी तिच्याकडे बघत होते, बोल, असं मनात म्हणत होते.

"पहिल्या तुमच्याच होत्या," ती म्हणाली.

आजीबाई उठल्या. त्यांचा चहा तसाच राहिला होता.

बाबा तिच्याशी बोलायचे थांबले. चौदा महिने. मी दोन्हीकडे जायची. इकडे गेलं की बाबा विचारायचे नाहीत पण कान टवकारायचे, तिकडे गेलं की आत्या विचारायची, "शर्टाची बटणं लावता येतात का त्याला अजून?" येत नव्हती. मी चेन लावून दिली होती. तिला मी "येतात" म्हणून सांगितलं.

त्या काळात आत्या वाळत गेली. रात्रीची झोप गेली, दिवसा बसल्या बसल्या पुटपुटायची. एकदा ऐकलं तर गुणाकार चालला होता. मी म्हटलं, "आत्या, तू एकटीच नव्हतीस. लोकांनी नेल्या, खात्याने ताळा घेतला नाही, धंदेवाल्यांनीही काढल्याच." ती म्हणाली, "त्यांचं त्यांनी बघावं. माझ्या वाट्याच्या मला पाठ आहेत." आणखी एकदा म्हणाली, "मला वाटायचं मी चांगली आहे. रांग लागायची ना माझ्यापुढे." 

दुसऱ्या वर्षी, ज्या तारखेला पूर्वी मोसम असायचा त्या सकाळी बाबा घरात नव्हते. टेबलावरचे चारही सापळे नव्हते. मी धावत धक्क्यावर गेले, बोटही नव्हती. बंदी मोडून पाण्यात गेलं तर काय होतं ते माहीत होतं. पण बाबांना इंजिनाची दोरी ओढता येणार नाही हे त्याहून भीतीचं होतं. कुणाला बोलवावं कळेना, मी आत्याला फोन केला. ती चपला घालून तशीच आली. आम्ही दोघी उतारापाशी उभ्या. ती बोये मोजत नव्हती, पायऱ्या मोजत नव्हती, काहीच मोजत नव्हती. माझा दंड तिने इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

साडेदहाला पिवळी बोट आली. मागे दोराने बांधलेली बाबांची बोट. तो माणूस इंजिन चालू राहावं म्हणून आठवड्यातून एकदा फेरी मारायचा, त्याला बाबा खाडीच्या तोंडाशी, इंजिन बंद पडून वाहत चाललेले सापडले. बाबा बोटीच्या तळाशी बसले होते, कमरेपर्यंत ओले. पिवळ्या बोटीवाल्याने त्यांना उचलून पायरीवर बसवलं. मी माझा कोट त्यांच्या अंगावर घातला. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत्याकडे बघितलं.

"ताई, तीनच," ते म्हणाले.

"काय?"

"चार सापळ्यांत. तीनच आल्या. तिन्ही माद्या, अंडीवाल्या. सोडून दिल्या मी." त्यांचे दात वाजत होते. "मला वाटलं होतं, तू काहीतरी चुकली असशील."

आत्या त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. बाबा रडायला लागले. आईच्या वेळीही ते असे रडले नव्हते.

"ते एकशे दहा होते तेव्हा तू साठ लिहिलंस," ते म्हणाले. "तेव्हाच माझ्या कानाखाली द्यायची होतीस. लहानपणी देत होतीस ना. तेव्हा का नाही दिलीस?"

आत्याने कोट त्यांच्या गुडघ्यांवर ओढून घेतला. 

पिवळ्या बोटीवाला दोर गुंडाळत होता. तो हळूच मला म्हणाला, "घेऊन जा ह्यांना घरी. मी कुणाला सांगत नाही. तीन कोळंब्या, त्याही सोडलेल्या. आजारी माणूस."

आत्याने ते ऐकलं. ती उठली.

"सांगा," ती म्हणाली.

"अहो बाई, तुमचा भाऊ आहे."

"म्हणूनच सांगा. हात जोडते तुम्हाला. नाहीतर मला सांगावं लागेल."

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दगड म्हणाले, त्याहून वाईटही म्हणाले.  बाबांनीच मला थांबवलं. "गप्प बस," एवढंच. मग त्यांनी पिवळ्या बोटीवाल्याकडे बघून मान हलवली.

खात्याचा माणूस तासाभराने आला. कागदावर बाबांना सही करायची होती. तीन कागद खराब झाले. चौथ्यावर जी उमटली ती सही होती असं तो माणूस म्हणाला म्हणून सही. दंड झाला. परवाना जन्मभरासाठी रद्द झाला. बोट मीच विकली.

बाबांनी माफ केलं का, ते मला माहीत नाही. त्यांनी कधी तसं म्हटलं नाही आणि आत्याने विचारलं नाही. पण त्या उन्हाळ्यात ती आपली खोली सोडून आमच्याकडे राहायला आली, कारण मी कामावर गेल्यावर बाबांना भरवायला कुणीतरी हवं होतं. आता ते फारसे बोलत नाहीत. बोलले तरी शब्द जड येतात. समितीच्या बैठका होतात, निम्मे बाक रिकामे असतात. धंदेवाल्यांपैकी बरेच जण शहर सोडून गेले. उरलेले आणि हौशी अजून भांडतात, कोळंबी परत आली तर वाटणी कशी करायची यावर. आत्या दर वेळी जाते, मागे बसते. तिचं एकच मागणं असतं: बादली दोघांनी मोजावी, एकाने कधीच नाही. अध्यक्ष दर वेळी म्हणतात, विचाराधीन आहे.

यंदाच्या चाचणीत सापळ्यामागे पाच निघाल्या. मागच्या वर्षी चार होत्या. आत्याने संशोधक मुलीला फोन केला. मी तेव्हा बाबांची दाढी करत होते. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं. नीट कळण्याइतकं स्पष्ट विचारलं.

"एवढा फरक चुकून पण येतो म्हणे. काही सांगता येत नाही."

"म्हणजे नाहीच."

"म्हणजे सांगता येत नाही, बाळ्या," आत्या म्हणाली आणि त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल नीट खोचायला पुढे आली.